चूक पकडेल त्याच्या हाती खडू

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावीस, व्यवसाय रंगारी (घरं, दारं, खिडक्या आणि एकदा एक अख्खी बोट), पूर्ण शुद्धीवर राहून, स्वतःच्या हाताने, हे माझं शेवटचं इच्छापत्र लिहून ठेवते आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, गोड बोलून भुलवलेलं नाही. दडपण आलंच असेल तर ते ताईचं, आणि तेही हे लिहू नये म्हणून. ती म्हणते, धडधाकट माणसाला हे असलं सुचतंच कसं. मी धडधाकट नाही हे ती दर वेळी विसरते, आणि तिने विसरावं हे मला आवडतं.

नाव: मला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती माझ्या पायाला आहे. वकीलबाई म्हणाल्या, ज्या नावाने हाक मारली की तू वळून बघतेस ते पुरे, बाकीचं मी शिक्क्याबरोबर लावते. राहणार: हा रकाना मी कधी एका झटक्यात भरलेला नाही. सध्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. दोन वर्षं झाली. एका पत्त्यावर इतकी मी कुठेच टिकलेली नाही. आईच्या पोटातसुद्धा सात महिनेच राहिले.

वकीलबाईंना एक विनंती. तुम्ही म्हणालात की चुकलं तर स्वच्छ प्रत काढ. मी काढणार नाही. आमच्या रविवारच्या वर्गात खोडायची पद्धत नाही. चुकलेल्यावर एक रेघ मारायची, तीही अशी की खालचं वाचता यावं. तेव्हा या कागदांवर जिथे रेघ दिसेल तिथे बाजूला तुमची सही घाला आणि मला माफ करा.

कलम १. हे आत्ताच का.

येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची एक झडप दुरुस्त करायची आहे. डॉक्टर म्हणाले, शंभरातले चौऱ्याण्णव जण चालत घरी जातात. मी विचारलं, कुठले शंभर? त्यांना कळेना. मग मी विचारलं की त्यांत म्हातारे किती, माझ्या वयाचे किती, आणि तुमच्या हातचे किती. त्यांनी फाईल मिटली, खुर्ची ओढून बसले आणि पंधरा मिनिटं नीट समजावून सांगितलं. माझ्या वयाचे, त्यांच्या हातचे, एकोणतीस. त्यांतले अठ्ठावीस घरी गेले. एकोणतिसाव्याबद्दल त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि ते ऐकल्यावर माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला. निघताना म्हणाले, असं विचारायला तुला कोणी शिकवलं? त्या बाई या कागदांत पुढे येतील. खरं तर या कागदांत त्याच आहेत, मी मधे मधे आहे.

कलम २. ताई आणि भावोजी.

बँकेत जे काही असेल ते ताईचं. मोजायला बसू नकोस, हिरमोड होईल. आई गेली तेव्हा ताई सोळाची आणि मी सातची. तिने मला वाढवलं आणि मी आठवीत शाळा सोडून तिचे पांग फेडले. 'तू कुठलीच गोष्ट पुरी करत नाहीस' हे तिचं वाक्य मी जिथे जिथे गेले तिथे पिशवीत घेऊन गेले. ते वाक्य तिला परत करते. वापरून झालं.

तिला एक कबुलीही द्यायची आहे. तिचा रेडिओ मांजराने पाडला नव्हता. आवाज नेमका कुठून येतो ते बघायला मी तो उघडला होता आणि बंद केल्यावर दोन स्क्रू उरले. मांजराला त्या दिवशी दूध मिळालं नाही. ताई, तू त्याला 'निमकहराम' म्हणालीस तेव्हा ते माझ्याकडे बघत होतं.

भावोजी माझी आठ फुटी शिडी दोन वर्षं 'उद्या देतो' म्हणतायत. ती शिडी मी त्यांना कायमची देते. म्हणजे ती परत न केल्याची मजा तेवढी त्यांच्याकडून गेली.

कलम ३. हत्यारं.

सहा ब्रश, दोन रोलर, भेगा बुजवायच्या लांबीची तीन पाती, एक ओळंबा, रंगाने कडक झालेली एक विजार जी आपली आपण उभी राहते. हे सगळं वर्गाचं. ज्याला भिंत रंगवायची असेल त्याने न्यावं आणि धुऊन परत ठेवावं. ब्रश धुऊन न ठेवणाऱ्याला मी वरून बघून घेईन. विजार कोणाला नको असेल तर ती दारामागे तशीच उभी ठेवा. वर्ग चालू असताना कोणी चोरपावलांनी आलं तर दचकेल.

कलम ४. खोली, आणि ती माझी कशी.

खोली कोनबाईंची. त्या शाळेत भूमिती शिकवत आणि हातात कायम लाकडी गुण्या, म्हणून ते नाव. निवृत्त झाल्यावर त्यांनी या खोलीत रविवारी सकाळी दहा वाजता मापाचा वर्ग सुरू केला. गवंडी, शिंपी, फरशीवाले, स्वयंपाकी, ज्यांना ज्यांना हाताने काम येतं पण आकड्यांची भीती वाटते, त्यांच्यासाठी. पाटी लावलेली नव्हती. ऐकून लोक येत.

मी ऐकूनही आले नव्हते. सहा वर्षांपूर्वी ठेकेदाराने खिडक्या रंगवायला पाठवलं म्हणून आले. रविवार होता हे माझ्या लक्षात नव्हतं (मला वार लक्षात राहत नाहीत, एकदा मी एका गावात जत्रा समजून संपाच्या मोर्चातून चालत गेले होते, पण ते जाऊ दे). मी शिडीवर, खाली पंधरा-वीस माणसं, आणि बाई फळ्यावर. बारा फरश्या लांब आणि नऊ रुंद अशी खोली. कडेने रंगीत फरश्यांची एक पट्टी फिरवायची. किती लागतील? बाईंनी लिहिलं: बारा, बारा, नऊ, नऊ, एकूण बेचाळीस.

मी वरूनच म्हणाले, "अडतीस." सगळ्यांनी माना वर केल्या. मी म्हटलं, कोपऱ्यातल्या फरश्या दोनदा मोजल्या गेल्यात. मला हे गणिताने माहीत नव्हतं. एका उपाहारगृहात मी अशीच पट्टी रंगवायला घेतली होती, चौकोन कापून आणले आणि शेवटी चार उरले. मुकादमाने मला विचारलं की तू भिंत कुठे कमी केलीस.

बाई म्हणाल्या, "खाली ये."

मला वाटलं, आता निघायला सांगणार. उतरले. त्यांनी माझ्यासमोर खडू धरला आणि स्वतः जाऊन पहिल्या बाकावर बसल्या. मी म्हटलं, मी रंगारी आहे हो, मला शिकवता येत नाही. त्या म्हणाल्या, "मग रंगाऱ्याचं सांग. तास अजून चाळीस मिनिटं आहे."

हीच त्या वर्गाची रीत. शिकवणाऱ्याची चूक जो पकडेल त्याच्या हातात खडू, आणि उरलेला तास त्याचा. मी त्या दिवशी काय बडबडले ते आठवत नाही. एवढंच आठवतं की एका म्हाताऱ्या शिंप्याने मला प्रश्न विचारला आणि मला उत्तर येत होतं. शाळेत असं कधी झालं नव्हतं. शाळेत प्रश्न माझ्याकडे आला की माझ्या मागच्या मुलीकडे जायचा.

बाई मुद्दाम चुकायच्या का, हे मी त्यांना चार वर्षांत शंभरदा विचारलं असेल. शेवटच्या आजारपणात, मी त्यांच्या उशाशी संत्रं सोलत बसले होते, तेव्हा त्यांनी सांगितलं. म्हणाल्या, "पहिली काही वर्षं मुद्दाम. पुढे वय झालं, खरोखरच चुकायला लागले. फरक माझ्याशिवाय कोणाला कळला नाही. तेव्हा मला पटलं की वर्ग उभा राहिला."

दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यांच्या इच्छापत्रात खोली माझ्या नावावर होती, पण अटीसकट. वर्ग जो चालवेल त्याची खोली. चालवणाऱ्याने आपल्यामागे कोण हे लेखी नेमून ठेवायचं. नेमलं नाही, किंवा सलग चार रविवार वर्ग भरला नाही, तर खोली त्यांच्या भाच्याकडे जाईल. म्हणून हा सगळा खटाटोप. माझ्या ब्रशांचं काय झालं तरी जग चालेल. पण मी शुक्रवारी टेबलावरून उठले नाही आणि इथे कोणाचं नाव लिहिलेलं नसलं, तर फळा उतरेल आणि खोलीत खोकी चढतील.

बाईंवर माझा एक राग आहे आणि तो इथे नोंदवते. त्यांना माझ्या पायांची सवय माहीत होती. तरीही त्यांनी मला चार रविवारांच्या दोरीने बांधलं. दोन वर्षं मी तीन आठवड्यांच्या पलीकडे कुठे गेलेले नाही. मी रडून घेतलं आणि खडू उचलला.

कलम ५. भाचा.

कोनबाईंच्या भाच्याला मी काहीही देत नाही. खडूचा तुकडाही नाही. त्याचं फ्रिजच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि त्याला माल ठेवायला गोदाम हवं आहे. गेली दोन वर्षं तो दर रविवारी दहाला खाली सायकलच्या दुकानापाशी गाडी उभी करतो, वर खिडकीकडे बघतो, आणि आमचे आवाज आले की निघून जातो. रविवार मोजतो. आत्याच्या तेराव्याला... नाही, ते बाराव्या दिवशी होतं, त्याने मला विचारलं, खोलीची उंची नऊ फूट भरते का. हे मी विसरणार नाही.

[हे कलम सोमवारी लिहिलं. मंगळवारी त्यावर रेघ मारली. कारण कलम ८ मध्ये.]

कलम ६. पोस्टकार्डं.

बाईंच्या वर्गात असताना मी निघून जायची, महिनोन्महिने. मिठागरात, तंबूवाल्यांच्या बरोबर, एका बोटीच्या स्वयंपाकघरात. जिथे जाईन तिथलं काहीतरी मोजून मी बाईंना पोस्टकार्डावर पाठवत असे. मिठाचा ढीग केवढा, तंबूला कापड किती. बाई कार्ड परत पाठवत. त्यावर शाईचं एकच टिंब. जिथे चूक सुरू झाली त्या ओळीशी. काय चुकलं ते लिहीत नसत. ते आपलं आपण शोधायचं.

ही कार्डं ताईला. तिला वाटतं मी तेव्हा वाया गेले होते. एक कार्ड आहे ज्यावर टिंब नाही. मी ते डाकघराच्या बाकावर बसून चार वेळा उलटसुलट केलं आणि मग शेजारच्या अनोळखी माणसाला दाखवलं. तो म्हणाला, कुठे खूणच नाही की. मी म्हटलं, हो ना.

आता विषय निघालाच आहे तर हेही लिहून ठेवते, कोणत्या कलमात बसेल माहीत नाही. इथून दोन दिवसांच्या वाटेवर एक बोटी बांधायचा कारखाना आहे, तिथे मी रंगकामाला होते. तिथला मुख्य सुतार, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं तुसडं, सगळे त्याला टरकून. एकदा तो फळीवर आखणी करत होता आणि घासकाम करणारी एक बाई हळूच म्हणाली, काका, ही बाजू दीड बोट जास्त आलीय. मला वाटलं, आता हिची धडगत नाही. त्याने आखणी पाहिली, कानामागची पेन्सिल काढली, तिच्या हातात दिली आणि बाजूला होऊन उभा राहिला. पुढची आखणी तिने केली.

जेवायच्या सुट्टीत मी त्याला गाठलं. विचारलं, काका, ही पद्धत कुठली? म्हणाला, "तरुणपणी एका बाईंकडे जायचो, रविवारचा. बाई चुकायच्या फार."  त्या दिवशी माझ्या डब्यात काय होतं ते मला आठवत नाही. मी परत आल्यावर बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, उंच होता तो? भागाकारात कच्चा होता.

कलम ७. मंगळवार सकाळ. पाववाली मावशी.

वर्ग आणि खोली मी पाववाल्या मावशींना देणार होते. मावशींची कोपऱ्यावर भट्टी आहे. चार वर्षांपूर्वी आल्या तेव्हा हाताला पीठ आणि डोळ्यांत पाणी, कारण मुलाने हिशेबाच्या वहीवरून सगळ्यांसमोर चेष्टा केली होती. आता त्या अपूर्णांक असे सांगतात की ऐकणाऱ्याला भूक लागते.

आज सकाळी भट्टीवर जाऊन मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी हात झटकले.

"मला? अगं, माझा पावणेतीनचा घोटाळा अख्ख्या वर्गाने पाहिलाय."

"कसला घोटाळा?"

मावशींनी जीभ चावली आणि भट्टीचं दार उगाच उघडून बंद केलं.

इथे थोडं मागे जावं लागेल. तीन महिन्यांपूर्वी मी काम करताना शिडीवरून कोसळले आणि पाच आठवडे इस्पितळात होते. वर्गाची किल्ली माझ्या पिशवीत, पिशवी इस्पितळाच्या कपाटात. शुद्धीवर येईपर्यंत दोन रविवार गेले. तिसऱ्याला मी ताईला म्हटलं, किल्ली नेऊन दे. ती म्हणाली, आधी तू जगून दाखव, मग किल्ल्या वाट. चौथा रविवार मी छताकडे बघत काढला. खोली गेली, असं मनाशी म्हटलं. घरी आले तर वर्ग चालू. कुलूप जागेवर, मावशींच्या बोटांना खडू. मी समजले की सायकलवाल्या काकांनी कुलूप उघडलं असणार, त्यांना काहीही उघडता येतं. मी त्यांच्या पाया पडले. काका 'अं, हं' करत राहिले आणि चाकात हवा भरत बसले. त्या चाकात आधीच हवा होती, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

मावशींनी आज खरं सांगितलं. पहिल्या रविवारी चौदा जण जिन्यावर बसले होते. खाली तो भाचा गाडीपाशी. दहा वाजले, सव्वादहा झाले. त्याने फक्त निघून जायचं होतं. असा चार रविवार नुसता निघून गेला असता तर खोली त्याची होती. तो वर आला, कोणाकडे न बघता खिशातून त्याच्याकडची आत्याची जुनी किल्ली काढली, दार उघडलं आणि म्हणाला, आत्याच्या फळ्यावर धूळ बसते.

आणि परत कुलूप लावायला थांबायचं म्हणून दारात उभा राहिला. मावशी फळ्यावर गेल्या. गाडीची आतली उंची साडेपाच फूट, खोकं दोन फूट उंच, एकावर एक किती थर? भागाकार पावणेतीन आला. मावशींनी लिहिलं, तीन. पिठात पावणेतीन म्हणजे तीनच, वर एक मूठ टाकली की झालं. दारातून आवाज आला, "दोन. पावणेतीन खोकी म्हणजे दोन खोकी आणि वर हवा." खोक्यांतच जन्म गेलेला माणूस तो.

मावशींनी त्याच्यापुढे खडू धरला.

कलम ८. मंगळवार दुपार. भाचा, पुन्हा.

मावशी सांगतात, तो खडू हातात घेऊन फळ्याशी गेला. कान लाल झालेले. कोणी हसलं नाही. मग त्याने याच खोलीचं गणित घातलं, कारण त्याला दुसरं कुठलं पाठ नव्हतं. खोली पंधरा फूट लांब, दहा रुंद, नऊ उंच. खोकं सगळ्या बाजूंनी दीड फूट. लांबीत दहा, रुंदीत सहा, उंचीत सहा. तीनशे साठ. दोन वर्षं मनातल्या मनात रचून ठेवली होती त्याने ती.

फरशीवाला म्हणाला, दादा, आत कसे जाणार? लांबीभर तीन फुटांची वाट सोडली. एकशे वीस खोकी गेली. राहिली दोनशे चाळीस. सगळा वर्ग खोकी उतरवायला लागला, म्हणे बाजार भरल्यासारखा आवाज. शिंपी म्हणाला, खिडकी झाकली तर अंधारात काय शोधणार. भाचा हसायला लागला. आणि शेवटी कोणी काही म्हणायच्या आधी त्याने फळ्यापुढची चोवीस खोकी स्वतःच कमी केली. दोनशे सोळा. कारण विचारलं तर म्हणाला, फळा दिसला पाहिजे.

पाचही रविवार तो आला. मावशींना म्हणाला, तिला सांगू नका.

एकदा बाई मला म्हणाल्या होत्या की एका मुलाच्या हातात मी खडू फार लवकर दिला. तो नऊ वर्षांचा होता, आई कामावर जायची म्हणून बाईंकडेच असायचा, बाकामागे खेळायचा. त्याने बाईंची चूक पकडली आणि बाईंनी आनंदाच्या भरात रीत पाळली. मोठी माणसं कौतुकाने हसली. त्या पोराला ते कौतुक आहे हे कसं कळावं? तो परत कधी वर्गात आला नाही. बाई म्हणाल्या, माझी ती एकच चूक अशी, की कोणी पकडली तरी मला दुरुस्त करता आली नसती. तो मुलगा कोण हे मी विचारलं नव्हतं. मला वाटतं मी तेव्हा दुसरंच काहीतरी बघत होते. खिडकीत कबुतर होतं.

आता मला वाटतं की चार रविवारांची ती दोरी माझ्यासाठी नव्हतीच. तो दर रविवारी दहाला येऊन खिडकीखाली उभा राहावा, एवढ्यासाठी ती असेल. हे माझं गणित आहे. चुकलं असेल तर टिंब द्यायला बाई नाहीत.

म्हणून कलम ५ रद्द. त्याऐवजी असं:

खोली मी पाववाल्या मावशी आणि कोनबाईंचा भाचा या दोघांना मिळून देते. वर्ग दोघांचा. किती रविवार बंद राहिला तर काय, अशी कुठलीही अट मी घालत नाही. ज्याने अट मोडायची वाट बघायची, त्यानेच कुलूप उघडलं, त्याला आणखी कसली अट घालू. दादा, नऊ फूट भरते. मी ओळंबा लावून मोजलंय.

शुक्रवारनंतर मी चालत घरी आले तरीही कलम ८ लागू धरावं. वकीलबाई म्हणतात, इच्छापत्र तसं चालत नाही, त्यासाठी वेगळा कागद करावा लागतो. तो कागदही करा, बाई. मला समुद्राच्या बाजूला एक काम आलंय, सहा महिन्यांचं.

कलम ९. पुढचं.

डोळे कोणाला तरी द्यावेत. चांगले आहेत, खूप ठिकाणं बघितलेले. शोकसभा नको. शुक्रवारी काही झालं तरी रविवारी दहाला वर्ग भरवावा. माझ्याबद्दल बोलायचंच असेल तर फळ्यावर येऊन काहीतरी चुकीचं लिहा आणि कोणी उठतंय का बघा. ताई, तू पण ये. पहिल्या बाकावर बस. तुला कोणी काही विचारणार नाही, पण विचारलं तर तुला येईल.

कलम १०. बुधवार. सही व्हायच्या आधी.

हे मी सगळे समोर असताना लिहिते आहे. वकीलबाई टेबलाशी, सायकलवाले काका साक्षीदार म्हणून हात धुऊन आलेले, मावशी दाराशी. दुसऱ्या साक्षीदार खालच्या औषधांच्या दुकानाच्या बाई, त्यांच्याकडे गर्दी म्हणून खोळंबा. वकीलबाई घड्याळ बघतायत. त्यांना बाराला कचेरीत पोहोचायचंय आणि उद्या त्या नाहीत, परवा मी टेबलावर. आज सही झाली नाही तर हे कागद नुसते कागद.

काकांनी खाली निरोप दिला असावा. भाचा वर आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माझ्याकडे न बघता वकीलबाईंना म्हणाला की साक्षीदार कमी पडतोय असं कळलं, मी करतो सही, माझा यात काही संबंध नाही तेव्हा अडचण नसावी. आणि पेनाचं टोपण काढलं.

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही करता येणार."

"का? माझी सही काय वाईट आहे?"

"ज्याला इच्छापत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं."

त्याने मान हलवली, बरोबर आहे अशा अर्थाने. मग थांबला. मावशींकडे पाहिलं, मावशी जिन्याकडे बघत होत्या. काकांकडे पाहिलं, काकांनी हातावरचं वंगण निरखलं. शेवटी माझ्याकडे.

"मला?"

मी कलम ८ चं पान पुढे सरकवलं. तो उभ्यानेच वाचू लागला. रेघ मारलेलं कलम ५ आधी वाचलं, ते वाचता येत होतंच. मग हे. दोनदा वाचलं असावं. म्हणाला, "मला शिकवता येत नाही, भिंगरी."

मावशी म्हणाल्या, "मलाही येत नाही. रविवारी दहाला ये."

त्याने पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, हा आता निघून जाणार. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. तो म्हणाला, "मग त्या औषधवाल्या बाईंना मी आणतो. गल्ल्यावर मी बसतो हवं तर," आणि एकेक पायरी गाळत जिना उतरला. इतक्या घाईने या जिन्यावरून आजवर फक्त मी उतरले आहे.

आता खालून दोन माणसांची पावलं वर येतायत, एकाची वेगात आणि एकीची कुरकुरत. लिहिणं थांबवते. वरची सगळी कलमं, रेघ मारलेली आणि न मारलेली, मी वाचून, समजून लिहिली आहेत.

सही: भिंगरी

आमच्या दोघांच्या समोर लिहिणारीने सही केली. ती हुशारीत होती आणि मधेच हसत होती. आम्ही दोघांनीही तिच्या समोर सह्या केल्या.

साक्षीदार १: सायकल दुरुस्तीवाले काका (अंगठ्याजवळचा डाग वंगणाचा आहे, ठसा नव्हे)

साक्षीदार २: औषधांच्या दुकानाच्या बाई (मला दुकानातून हाताला धरून आणलं, गल्ल्यावर सध्या कोण बसलंय याची जबाबदारी माझी नाही)

ठिकाण: सायकलच्या दुकानावरची खोली, पंधरा फूट बाय दहा, उंची नऊ
बुधवार, तारीख एकोणीस, सकाळचे साडेअकरा